भिंगरीची प्रश्नफेरी

थोरल्याला घरात घ्यायचं की नाही, याचा निकाल त्या शनिवारी दुपारी लागायचा होता आणि धाकट्याने तो शुक्रवारीच लावून टाकला होता. नाही म्हणजे नाही. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, आता लोकांना ऐकूच येत नसेल तर त्याने काय करावं?

लोक म्हणजे ताई. तिघा भावंडांतली मधली, उभं आयुष्य हॉस्पिटलात नर्स म्हणून राबलेली. सुई टोचण्याआधी पेशंटशी बोलतात तसं ती सकाळपासून गोड गोड बोलत होती. थोरल्याच्या हृदयाचं ऑपरेशन याच शहरात व्हायचं होतं. त्यानंतर महिनाभर त्याला कुणाकडे तरी पडून राहावं लागणार होतं. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्याला जिना चढायची बंदी.

"मागची खोली रिकामीच आहे," ताई म्हणाली. "तुझे कवळ्यांचे जुने साचे सोडले तर तिथे राहतंय कोण?"

"साचे राहतात. राहू देत. त्यांनी कुणाची आई मारलेली नाही."

"अरे, काय बोलतोस!"

"खरं तेच बोलतोय. रोज बसभर अनोळखी माणसं सुखरूप पोचवणाऱ्याला आपली आई तेवढी पोचवता आली नाही."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. धाकट्याने ते पहिल्यांदा आईच्या कबरीपाशी उच्चारलं होतं, थोरल्याच्या तोंडावर, आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तेव्हा तेच. थोरला बसचा ड्रायव्हर. बाहेरगावच्या एका उपासनेहून आईबाबांना घरच्या मोटारीतून घेऊन येताना त्याने रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी घातली, आई जागच्या जागी गेली. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, दीड वर्ष तुरुंगात काढलं, लायसन्स गेलं, नोकरी गेली. सुटल्यावर तो दुसऱ्या गावी एका गोदामात लागला तो लागलाच. इतक्या वर्षांत धाकट्याने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती.

"बाबा, तुम्ही तरी काही बोला ना," ताई टेबलाच्या टोकाकडे वळून म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला, रुमाल काढला, काचा पुसायला घेतल्या. थोरल्याचं नाव निघालं की बाबांचं हे ठरलेलं. चाळीस वर्षं चर्चचा पाळक म्हणून व्यासपीठ गाजवलेला माणूस, लग्नात आणि मयतीत त्यांच्या तोंडून शब्द ऐकायला माणसं दुरून यायची, पण या एका विषयावर त्यांना दातखीळ बसायची. बायको गेल्याचं दुःख, लोक म्हणायचे. धाकटाही तेच म्हणायचा.

"तुमचं तुम्ही ठरवा," बाबा म्हणाले.

"ठरलं की मग!" धाकट्याने ताट उचललं.

"काही ठरलेलं नाही," ताई म्हणाली. तिने त्याच्या बायकोकडे पाहिलं. "वहिनी, तू सांग. आजारी माणसाला दारातून परत पाठवायचं?"

बायको कसली हुशार! ती दोघांच्या भांडणात कधी पडायची नाही. "मला विचाराल तर," ती म्हणाली, "आधी टेबल पुसून घेते. भिंगरीचा वर्ग सुरू होईल आता."

आणि तेवढ्यात त्यांची लेक भिंगरी आलीच, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात चार जाडजूड पुस्तकं, दातांत पेन.

"बाबा, आत्या, उठा उठा! माझी प्रश्नफेरी आहे. वर्षाचे निम्मे मार्क आहेत याला!"

भिंगरीच्या शाळेचं प्रकरण धाकट्याच्या डोक्यात कधी नीट शिरलंच नाही. चांगली रस्त्यापलीकडच्या हायस्कूलात जात होती. पण बायकोने आणि बाबांनी संगनमत करून तिला घरबसल्या एका ऑनलाइन शाळेत घातलं. ही शाळा ख्रिस्ती, आणि शिकवायचं काय, तर पश्चिमेकडची जुनी विद्या: ग्रीकांची युद्धकाव्यं, रोमनांचे कायदे, लॅटिन, जुनी चित्रं, जुने वाद. पोरगी सकाळी कानाला हेडफोन लावून बसायची ती दुपारी उठायची. मग जेवताना याने पाठीवर वार का केला आणि त्याने शहर का जाळलं, हे अशा तळमळीने सांगायची की ती सगळी माणसं शेजारच्या गल्लीत राहत असावीत.

"मेलेल्या माणसांच्या मेलेल्या भाषा," धाकटा पहिल्याच महिन्यात म्हणाला होता. "शिवाय सगळे मूर्तिपूजक. मग ख्रिस्ती शाळेने ते शिकवायचंच कशाला?"

"देवाची ओळख नसताना माणूस विचार करत करत किती लांब चालत जातो, ते बघायला," बाबा म्हणाले होते. "आणि मग तिथून पुढची वाट आपल्याला ठाऊक आहे का, ते स्वतःला विचारायला."

 धाकटा हाताने काम करणारा माणूस. पुढच्या खोलीत त्याची लॅब होती, आणि तिथे तो शहरातल्या निम्म्या दंतवैद्यांच्या कवळ्या घडवायचा. गुलाबी मेण, पांढरं प्लास्टर, छटांप्रमाणे लावून ठेवलेल्या दातांच्या पट्ट्या. बाबांची कवळीसुद्धा त्यानेच केलेली. "बाबांच्या तोंडातले शब्द देवाचे आणि दात माझे," असं तो गिऱ्हाइकांना सांगून हसवायचा.

लॅपटॉप टेबलाच्या मधोमध पुस्तकांच्या ढिगावर बसला. पडद्यावर चौकोनांत पोरं उगवली, कुणी केस नीट करतंय, कुणी अजून खातंय. वरच्या चौकोनात त्यांचे सर, मागे भिंतभर नकाशा.

"यातली दोन आपल्याच चर्चच्या मंडळीतली आहेत हं," बायको धाकट्याच्या कानात पुटपुटली. "तो डावीकडचा कोषाध्यक्षांचा मुलगा. तेव्हा जरा सरळ बसा."

"मी इथे बसतच नाहीये. मला साचे ओतायचेत."

"बसा हो पाच मिनिटं. पोरीचे निम्मे मार्क आहेत."

धाकटा बसला. ताई दाराशी उभी राहिली. बाबांनी कोट चढवला होता, सदऱ्याचं वरचं बटण लावलं होतं, आणि खुर्ची ओढून ते कॅमेऱ्यासमोर नातीशेजारी बसले तेव्हा एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. पाळक असताना दर रविवारी उपासना संपली की ते चर्चच्या पायरीवर बसायचे आणि मंडळीतल्या कुठल्याही पोराने यावं, वाट्टेल तो प्रश्न विचारावा, हा रिवाज. देव झोपतो का, मेलेलं कुत्रं कुठे जातं, तुम्ही कधी खोटं बोललात का. कुठलाही प्रश्न त्यांनी टोलवला नाही आणि पोरांना थाप मारली नाही. थोरांना चुकवतील, पोरांना नाही. म्हणून तर भिंगरीने विचारल्याबरोबर ते तयार झाले होते, विषय काय आहे हेसुद्धा न विचारता.

"नियम सगळ्यांना ठाऊक आहेत," सर म्हणाले. "विद्यार्थ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही, फक्त विचारायचं. उत्तर देणाऱ्याने मनापासून जे खरं वाटतं तेच सांगायचं. आणि उत्तर जिकडे नेईल तिकडे विद्यार्थ्याने जायचं, मध्येच वाट सोडायची नाही. जुने ग्रीक असंच करायचे. आपण हे करून शेवटी ते ख्रिस्ती विश्वासाच्या उजेडात धरून बघतो. पाळकसाहेब, तुम्ही वेळ दिलात, आभारी आहोत."

"आभार कसले? विचारू दे तिला," बाबा हसले.

भिंगरीने कागद सरळ केला. "आजोबा, न्याय म्हणजे काय?"

"ज्याचं त्याला देणं."

"म्हणजे ज्याने गुन्हा केला त्याला शिक्षा, आणि ज्याने केला नाही त्याला नाही?"

"बरोबर."

"मग एखाद्या निरपराध माणसाने आपण होऊन दुसऱ्याची शिक्षा भोगली, तर तो न्याय झाला का?"

बाबा खुर्चीत मागे टेकले. हे त्यांचं अंगण होतं. यावर त्यांनी इतके उपदेश दिले होते की धाकट्याला पुढची वाक्यं तोंडपाठ होती.

"नाही बाळ. तो न्याय नाही. न्यायाहून मोठं असतं ते. त्याला आपण कृपा म्हणतो. आपला सगळा विश्वास त्या एका गोष्टीवर उभा आहे."

"कृपा कुणावर झाली?"

"अपराध्यावर."

"आणि निरपराध माणसाला काय मिळालं?"

"त्याला दुःख मिळालं. त्याने ते प्रेमाने घेतलं."

ताई दाराशी जराशी हलली. तिने हाताची घडी सोडली, परत घातली. धाकट्याच्या ते लक्षात आलं, पण तो मनात साच्यांचा हिशोब करत होता.

"मग अपराध्याने ती कृपा घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?" भिंगरीने विचारलं. तिने आता कागद खाली ठेवला होता, तिला लय सापडली होती. "नुसतं गप्प बसायचं?"

"नाही, नाही. त्याने कबूल करायचं. माझा अपराध होता, असं मोठ्याने म्हणायचं. त्याशिवाय..." बाबा थांबले.

"त्याशिवाय काय?"

"त्याशिवाय कृपा त्याच्यापर्यंत पोचत नाही."

"आणि त्याने कबूलच केलं नाही तर? दुसरा शिक्षा भोगतोय आणि हा गप्प. मग त्याने कृपा घेतली असं म्हणायचं, की दुसऱ्याचं आयुष्य घेतलं असं म्हणायचं?"



धाकट्याला आधी वाटलं, कवळी सैल झाली. बाबांचा खालचा जबडा हलत होता आणि शब्द येत नव्हता. मग त्याने हात पाहिले. दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले, नखं पांढरी पडलेली. पडद्यावरचा खाणारा पोरगा खायचा थांबला.

"पाळकसाहेब," सर म्हणाले, "प्रश्न अवघड आहे. उत्तर नको असेल तर..."

"आजोबा, मी दुसरा विचारू का? सोपा?" भिंगरीचा आवाज एकदम बारीक झाला.

"नको. हाच बरोबर आहे." बाबांनी घसा साफ केला. "आयुष्य घेतलं. दुसऱ्याचं आयुष्य घेतलं असंच म्हणायचं. आता पुढचा प्रश्न विचार."

"पुढचा मी लिहिलेला नाही."

"मी सांगतो. असं विचार, की आजोबा, तुम्ही कुणाचं घेतलंत?"

"बाबा!" ताई दारातून ओरडली. "बाबा, नको!"

"विचार, बाळ. वाट सोडायची नसते म्हणाले ना तुझे सर?"

भिंगरीने आईकडे पाहिलं, आईला काही कळत नव्हतं. तिने धाकट्याकडे पाहिलं, त्यालाही काही कळत नव्हतं. शेवटी तिने विचारलं, अगदी कुजबुजत. "आजोबा, तुम्ही कुणाचं घेतलंत?"

"तुझ्या काकाचं," बाबा म्हणाले. "गाडी मी चालवत होतो."

धाकटा हसला. नंतर कितीतरी दिवस त्याला याची शरम वाटत राहिली, पण त्या क्षणी तो खरोखर हसला, एखाद्याने टेबलाखालून गुदगुल्या कराव्यात तसा. "काय बोलताय बाबा? अहो, दादा चालवत होता. तुम्ही मागे होतात."

"मागे तो होता. झोपला होता. दोन पाळ्या करून आला होता, मला म्हणाला, दहा मिनिटं डोळा लावतो मग निघू. मला घाई. रविवारचा उपदेश तयार व्हायचा होता. मी म्हटलं, झोप तू, मी घेतो गाडी. तुझी आई म्हणाली, तुम्हाला अंधारात दिसत नाही, नका चालवू. मी तिला म्हटलं, मला शिकवू नकोस." बाबा सगळं एका सुरात सांगत होते, चष्म्यामागून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात उचलत नव्हते. "तो ट्रक मला दिसलाच नाही. मी तिला बाहेर काढून रस्त्यावर मांडीवर घेऊन बसलो होतो. पोलीस आला, त्याने विचारलं कोण चालवत होतं. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, मी. माझ्याकडे बघून म्हणाला. मी ऐकलं."

 बाहेर सायकलवाल्याच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, तो फुस्सफुस्स आवाज तेवढा येत होता.

"मला वाटलं, सकाळी सांगू. सकाळी सगळी मंडळी दारात. वाटलं, तिला माती दिली की सांगू. मग तो म्हणाला, बाबा, आता तुम्ही बोललात तर माणसांचा देवावरचा विश्वास उडेल, तुम्ही गप्प राहा, मी निभावतो. मला तेच ऐकायचं होतं. मग कोर्ट झालं. मग दर रविवारी मी व्यासपीठावर चढलो आणि लोकांना सांगितलं की पाप कबूल करा."

"बंद कर ते," बायको भानावर येऊन म्हणाली. "भिंगरी, बंद कर आधी! पोरं ऐकताहेत सगळी!"

भिंगरीचा हात पुढे झाला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "खोटं मी मंडळीसमोर बोललो. खरं बंद खोलीत कशाला बोलू?"

कोषाध्यक्षांच्या मुलाच्या चौकोनात आता त्याची आई येऊन उभी राहिली होती, हातातला टॉवेल तोंडावर धरून. सर नकाशासमोर नुसते बसून होते. बिचारे! त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या भांडणांची सवय.

धाकटा उठला. खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही. आपण बोलतोय ते त्याला दुसरंच कुणी बोलत असल्यासारखं ऐकू आलं.

"मी त्याला शवपेटीला हात लावू दिला नाही."

तो बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"आईच्या शवपेटीला! पुढे आला होता तो, मी त्याला छातीवर हात ठेवून ढकललं. चिखलात पडला तो बाबा! सगळ्यांसमोर! तुम्ही बघत होतात!"

"बघत होतो," बाबा म्हणाले.

"आणि काही बोलला नाहीत?"

"नाही."

"कसे? कसे नाही बोललात? तुम्ही माणूस आहात की कोण आहात?" त्याने टेबलावर इतक्या जोराने मूठ मारली की लॅपटॉप पुस्तकांवरून घसरला आणि भिंगरीने तो धरला. "अहो, पोरीला मी सांगितलं की तुझ्या काकाने तुझी आजी मारली! जन्मल्यापासून हेच ऐकत आलीय ती! तुमच्यासमोर सांगितलं, याच टेबलावर, आणि तुम्ही चष्मा पुसत बसलात!"

"अहो, हळू," बायको म्हणाली. "त्यांना काही झालं तर..."

"होऊ दे!" आणि मग त्याला ताई दिसली.

ताई रडत होती. पण ती हादरली नव्हती. त्याच्या बायकोच्या चेहऱ्याचा रंग उडालेला, पोरीचे ओठ थरथरताहेत, पडद्यावरची परकी पोरं तोंड वासून बसलीत, आणि ही मात्र ऐकलेली बातमी पुन्हा ऐकावी तशी रडतेय. 

"ताई, तुला ठाऊक होतं."

तिने मान हलवली. नाही म्हणून नाही, हो म्हणून.

"कधीपासून?"

"त्याच रात्रीपासून. बाबांना मीच तपासलं होतं. उजव्या खांद्यापासून खाली कमरेपर्यंत काळानिळा पट्टा उठला होता. गाडी चालवणाऱ्याचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून येतो रे. आणि आपल्या त्या गाडीत मागे बेल्टच नव्हते. मी दादाला विचारलं. त्याने माझ्याकडून वचन घेतलं."

"आणि तू पाळलंस? इतकी वर्षं? मी त्याला शिव्या घालत होतो आणि तू ऐकत होतीस?"

"आई गेली होती. दादा तुरुंगात जाणार हे नक्की झालं होतं. बाबाही गेले असते तर राहिलं कोण? तू तेव्हा कामाला नुकता लागला होतास, लग्न ठरायचं होतं. मला वाटलं, निदान एक घर उभं राहू दे." तिने पदराने नाक पुसलं. "म्हणून तर दरवर्षी तुझ्या मागे लागायचे, त्याला बोलव, त्याला बोलव. दुसरं काय करता येणार होतं मला?"

"सांगता येत होतं!"

"हो," ताई म्हणाली. "सांगता येत होतं."

इतकं सरळ उत्तर आल्यावर धाकट्याला पुढे भांडताच येईना. घर उभं राहू दे, म्हणे! ज्या घरात तो मालकासारखा वावरला, ज्याच्या मागच्या खोलीचा दरवाजा त्याने आत्ता तासाभरापूर्वी थोरल्याच्या तोंडावर बंद केला, ते घर त्याच थोरल्याने तुरुंगात बसून उभं ठेवलं होतं. आणि याची खबर घरातल्या दोघांना होती. तिघा भावंडांत एकट्या त्यालाच नव्हती.

"मी फक्त न्यायावरचे प्रश्न विचारत होते," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "सरांनी विषय दिला होता. मला खरंच माहीत नव्हतं, आजोबा!"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  "तू काही चुकली नाहीस. मला आजवर इतकं नेटाने कुणी विचारलंच नव्हतं. आता तुमच्यात शेवटी काय म्हणतात ते म्हण आणि पुरं कर."

भिंगरीने सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली. शेवटी आभार मानायचे, हा त्यांच्या वर्गाचा नियम होता.

"खरं उत्तर दिल्याबद्दल आभारी आहे," भिंगरी म्हणाली आणि मग तिच्या रडण्याला बांधच राहिला नाही. आई तिला कवटाळून बसली. पडद्यावरचे चौकोन एकेक करून विझत गेले. कोषाध्यक्षांच्या घरचा सगळ्यात शेवटी विझला.

"संध्याकाळपर्यंत गावभर होईल," बायको म्हणाली. आणि मग, भांडणात कधी न पडणारी ती बाई नवऱ्याकडे मान वर करून बघत म्हणाली, "ते साचे मी आत्ता बाहेर काढते मागच्या खोलीतून. तुम्ही भावजींना फोन लावा."

"मी काय बोलू त्याच्याशी?"

"ते मला विचारू नका."

धाकट्याजवळ थोरल्याचा नंबर नव्हता. ताईने आपला फोन पुढे केला. तो घेऊन धाकटा पुढच्या खोलीत गेला आणि कामाच्या स्टुलावर बसला.  कवळीतली केसाएवढी फट तपासणारी त्याची बोटं, पण फोनवर ठरेनात.

दुसऱ्याच घंटेला तिकडून उचलला. मागे ट्रॉल्यांचा खडखडाट, कुणीतरी कुणाला हाका मारतंय.

"बोल गं ताई. काय म्हणाला तो? नाही म्हणाला असेल, तर जाऊ दे. मी इथेच काहीतरी बघतो. तू त्याच्याशी भांडू नकोस."

धाकट्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई?"

"ताई नाही. मी आहे."

 मग थोरल्याने एकदम घाबरून विचारलं, "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. बाबांनी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"गाडी कोण चालवत होतं ते."

तिकडे काहीतरी जड खाली ठेवल्याचा आवाज आला. नंतर पावलं, एक दार, आणि खडखडाट लांब गेला.

"कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर. भिंगरीच्या वर्गासमोर. मंडळीतल्या लोकांनीही ऐकलं."

"अरे देवा! थांबवायचं ना त्यांना! या वयात कशाला... तू ओरडला तर नाहीस त्यांच्यावर?"

"ओरडलो."

"नको रे. म्हातारा माणूस आहे. काय ओरडायचं ते मला ओरड. मला सवय आहे."

धाकट्याने डोळे मिटले. समोरच्या बाकावरचं प्लास्टर वाळून गेलं होतं. चिखलातून उठणारा थोरला त्याला दिसला, कोट झटकत, एकही शब्द न बोलता लोकांच्या मागे जाऊन उभा राहणारा.

"दादा," तो म्हणाला. हा शब्द तोंडातून निघताना त्याला दुखलं. "दादा, मी त्या दिवशी तुला ढकललं."

"सोड ते."

"मी तुला काय काय बोललो. इतकी वर्षं बोललो. तू एका शब्दाने सांगितलं नाहीस मला. दादा, मी जर तुला विचारलं असतं, नुसतं एकदा विचारलं असतं की खरं काय झालं, तर सांगितलं असतंस?"

 तिकडे कुणीतरी थोरल्याला हाक मारली. "आलो," तो त्या माणसाला म्हणाला, पण गेला नाही.

"नसतं सांगितलं," तो म्हणाला. "पण तू विचारायला हवं होतंस रे."